सेलांग लोलाची शिकवणी

सान रोकेच्या वस्तीत माणूस गेलं की घरचे दोन निरोप धाडत, एक शवपेटीवाल्याला आणि दुसरा सेलांग लोलाला, म्हणजे सेलांग आजीला. काही घरांत आधी लोलाला कळवत आणि मग शवपेटीवाल्याला, कारण शवपेट्या बाजाराच्या तोंडाशी रांगेने मांडलेल्या असत, सेलांग लोला मात्र एकच होती.

ती पाद्रीबाबांच्या हाताखालची नव्हती की जोगीण नव्हती. प्रार्थना म्हणणारी बाई होती, एवढंच. मयताघरी पेटीपुढे बसायचं, रोझरीची माळ ओढायची, मारियेची बिरुदं एकेक करून पुकारायची, शेवटी मृतात्म्याचं नाव घेऊन मोठी प्रार्थना म्हणायची आणि जमलेल्यांनी मागून साथ द्यायची, असं ते काम. माती झाल्यावर पुन्हा नऊ दिवस तेच. हातात पुस्तक कधी नाही, सगळं तोंडपाठ. आवाज थोडा नाकातला, पण असा खणखणीत, की अंगणाच्या टोकाला पत्ते कुटत बसलेली मंडळीसुद्धा डाव न मोडता तिथूनच "तिच्यासाठी विनंती कर" म्हणून सूर मिसळत. आणि वेग तर विचारूच नका. तिची एक माळ संपायची तेवढ्यात पाद्रीबाबांचा नुसता घसा साफ व्हायचा.

तिच्यासोबत कायम तिची नात असे. नातीचं खरं नाव जोमेलिन. बाप जोमेल, आई एवेलिन, दोघांची नावं मधोमध मोडून तुकडे चिकटवले की झालं पोरीचं नाव. त्या भागात निम्म्या पोरांची बारशी अशीच उरकलेली. हाक मारताना सगळे लिनलिन म्हणत. ती तिसरीत होती आणि मयताघरी तिच्याकडे मोठ्या जबाबदाऱ्या होत्या. लोलाचा पंखा धरायचा, डोईवरची जाळीची ओढणी घसरली की नीट करायची, आणि दाराशी पडलेल्या सपातांच्या ढिगाऱ्यात लोलाच्या सपाता कुणाच्या पायांत जात नाहीत ना यावर नजर ठेवायची. शिवाय सूप चाखून मत द्यायचं. मयताघरच्या सुपावरून लोला त्या घराची पारख करत असे. मॅकरोनीत कोंबडीचे तुकडे सढळ हाताने पडले असले तर मुलांचा बापावर जीव होता. नुसतं कोबीचं पाणी असलं तर लोला जरा जास्त मन लावून प्रार्थना म्हणायची, कारण त्या जीवाला तिच्याखेरीज कुणी नव्हतं.

लिनलिनला मयताघरचे सगळे नियम पाठ होते. तिथे कुणाचे आभार मानायचे नाहीत. घरच्यांनी पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला यायचं नाही. तिथलं खाणं घरी न्यायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे तिथून निघून थेट घरी जायचं नाही, वाटेत कुठेतरी टेकायचंच, म्हणजे गेलेला जीव मागे लागला असला तर तिथेच उतरतो. बाकीचे नियम लोला पाळत असे, हा मात्र ती जपत असे. कारण टेकायची जागा ठरलेली होती. बेर्तोचं लोमीचं दुकान. जाडजूड शेवया, घट्ट वाफाळता रस्सा, वर काळजाचे तुकडे, चिरलेला कांदा, पिळलेलं बारकं लिंबू. वस्तीतली इतकी माणसं मेल्यावर बेर्तोच्या दुकानात उतरली होती, की त्यांची बसायची अडचण होत असेल असं लिनलिनला वाटे.

"म्हणून तर खुर्च्या डुगडुगतात," लोला फुर्रकन शेवई ओढत म्हणायची. "सरक थोडी, आजच्या मयताला बसू दे."

बेर्तो समोर असला तर कपाळावर क्रूस करायचा आणि हसायचाही. मग जोमेल आपली तीनचाकी घेऊन यायचा, आईचा हात कपाळाला लावायचा, लिनलिनच्या वाडग्यातला उरलेला रस्सा उभ्या उभ्या संपवायचा आणि दोघींना घरी न्यायचा. लिनलिनच्या लेखी जगात याहून सुखाचं काही नव्हतं, आणि कुणी मेल्याची बातमी आली की तिला आनंद होई तो काही दुष्टपणाने नव्हे.

एवेलिनला हे पटत नव्हतं. ती घराच्या पुढच्या खोलीत मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची, तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य दाबल्यासारखं यायचं. सासूशी तिचं वाकडं नव्हतं. पण बाईंनी वर्गात "माझा आवडता दिवस" काढायला सांगितला तेव्हा लिनलिनने फुलांनी सजवलेली शवपेटी काढली, शेजारी सुपाचं पातेलं काढलं, आणि बाईंनी एवेलिनला शाळेत बोलावून घेतलं. त्या दिवसापासून एवेलिनच्या मनात हे सगळं कधीतरी बंद करायचं होतं, फक्त निमित्त हवं होतं.

निमित्त पोल्डो न्हाव्याने दिलं, तेही मेल्यावर.

त्या संध्याकाळी लोला नेहमीसारखी बिरुदं पुकारत होती. या माळेत शेवटी राण्या येतात. देवदूतांची राणी, हुतात्म्यांची राणी, सगळ्या संतांची राणी. राण्या सुरू झाल्या की सूप वाढणाऱ्या बायका हळूच उठून चुलीकडे जातात, ही तिकडची पद्धतच. राण्या आल्या, बायका उठल्या, राण्या संपल्या, आणि लोलाने न थांबता पुकारलं, "पहाटेच्या ताऱ्या!" तारा तर मघाशीच येऊन गेला होता. पण प्रार्थना चालू असताना मध्ये बोलणार कोण? लोकांनी साथ दिली. बायका खाली बसल्या. पुन्हा राण्या आल्या, बायका अर्धवट उठल्या, आणि पुन्हा तारा उगवला. तिसऱ्या खेपेला पत्त्यांच्या टेबलावरही कुजबुज झाली, तेव्हा लिनलिनने लोलाचा झगा जोरात ओढला.

पोल्डोची बायको खूश होती. तिच्या मते नवऱ्याला एवढी प्रार्थना लागतच होती, कमीच पडेल कदाचित. पण तिथे मर्लिंदाही बसली होती. मर्लिंदा चर्चच्या महिला मंडळातली, खांद्याला पिशवी आणि पिशवीत एक छोटा स्पीकर. त्यावर सगळ्या प्रार्थना भरून ठेवलेल्या, मागे हलकं संगीतही. बटण दाबलं की काम फत्ते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने ही गोष्ट तिखटमीठ लावून वस्तीभर केली, आणि तिच्याच मुलीच्या गणवेशाचं माप देताना एवेलिनच्या कानावर घातली.

"नानाय, आता पुरे," एवेलिन सासूला म्हणाली. "दमता तुम्ही."

"दमायला मी काय नारळावर चढते?" लोला म्हणाली. "बसूनच तर असते."

लिनलिनला आईपेक्षा जास्त ठाऊक होतं. लोलाने कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं होतं आणि लिनलिनने तो कप गुपचूप मोरीत ओतला होता. गळ्यात घातलेली माळ लोला घरभर शोधत होती. एकदा तर तिने लिनलिनला आत्याच्या नावाने हाक मारली होती आणि लिनलिनने त्या नावालाही ओ दिली होती. हे कुणाला सांगितलं तर दोघींची जोडी मोडेल, एवढं तिला पक्कं कळत होतं, आणि जोडी मोडण्याची तिला फार भीती वाटत होती.

आणि अशात तेक्ला गेली.

तेक्ला ही लोलाची सगळ्यांत जुनी मैत्रीण आणि सगळ्यांत जुनी वैरीण. दोघी तरुण असताना मे महिन्याच्या मिरवणुकीत तेक्लाला राणीचा मुकुट मिळाला होता आणि सेलांगला तिच्यामागून मेणबत्ती धरून चालावं लागलं होतं. तेव्हापासून सेलांगने तिला माफ केलं नव्हतं आणि तेव्हापासून रोज दुपारी दोघी एकत्र कॉफी पीत. खाटेला खिळल्यावर तेक्लाने वचन घेतलं होतं, की माझ्या डोक्याशी ते मर्लिंदाचं खोकं वाजायला नको, नाहीतर मी उठून बंद करीन.

वचन दिलेलं, तेही मेलेल्या माणसाला. एवेलिनला नाही म्हणता येईना.

"हे एक करा," ती म्हणाली. "पण मीही येणार बरोबर. आणि पुन्हा तसं झालं तर हे शेवटचं. लिनलिनचंही."

लिनलिनने ते ऐकलं आणि कामाला लागली. दोघींनी परसात कोंबड्यांसमोर तालीम केली. गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. लिनलिनने एकदा टोचलं की पुढे जायचं, दोनदा टोचलं की हे झालंय, सोड. लोलाला हा खेळ आवडला. कोंबड्यांसाठी तिने पूर्ण माळ एकही चूक न करता म्हणून दाखवली आणि वर म्हणाली, की एवढी पुण्यवान कोंबडी कापणं आता अवघड जाणार.

तेक्लाच्या घरी त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. निम्मे लोक तेक्लासाठी आले होते, निम्मे सेलांग चुकते का ते पाहायला. मर्लिंदा पुढच्याच बाकावर होती, पिशवी मांडीवर. एवेलिन भिंतीशी उभी राहिली. लोलाने पेटीच्या काचेतून बराच वेळ आत पाहिलं.

"ओठांना रंग जास्त झालाय," ती लिनलिनच्या कानात म्हणाली. "तिला आवडला असता."

मग ती बसली आणि सुरुवात झाली. माळ सरळ गेली. बिरुदं सरळ गेली. पहाटेचा तारा एकदाच आला आणि गेला. राण्या आल्या, बायका उठल्या, राण्या संपल्या आणि संपल्याच. लिनलिनला टोचायची वेळच आली नाही. तिने मान वळवून पाहिलं तर आईचे खांदे सैल झाले होते. आता फक्त मोठी प्रार्थना उरली होती, आणि ती तर लोला झोपेतही म्हणत असे.

"हे प्रभू," लोलाचा आवाज लागला, "तुझी दासी मार्सेला हिच्या आत्म्याला..."

मागून साथ आलीच नाही. पत्ते हातातच थांबले. मार्सेला म्हणजे सेलांग, तिचं स्वतःचं बाप्तिस्म्याचं नाव. जित्या माणसाचं नाव घेऊन पेटीपुढे मृताची प्रार्थना कुणी म्हटल्याचं त्या वस्तीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. एका म्हाताऱ्याने अपशकुन टळावा म्हणून लाकडी बाकावर टकटक केलं, त्याचं बघून आणखी चौघांनी केलं. तेक्लाची मुलगी पांढरीफटक पडली. मर्लिंदाचा हात पिशवीत गेला.

लोलाने लिनलिनकडे पाहिलं. आपण काय बोललो ते तिला कळलंच नव्हतं. लोक का गप्प झाले हेही नाही. तिचे डोळे बाजारात हात सुटलेल्या पोरासारखे झाले होते. असे डोळे लिनलिनने लोलाच्या तोंडावर आजवर पाहिले नव्हते.

"तू तुझं नाव घेतलंस," लिनलिन कुजबुजली.

लोलाने ओढणी मागे सारली आणि वळून सगळ्यांकडे पाहिलं.

"काय झालं? तोंडं का मिटली तुमची?" ती म्हणाली. "तुमच्या सगळ्यांच्या बापांना, आज्यांना मी पोचवलं. माझ्या वेळी कोण म्हणणार? त्या खोक्याचं बटण दाबून पाठवाल मला. म्हणून थोडं आगाऊ म्हणून ठेवलं. ही तेक्ला वर जातेच आहे, माझीही जागा धरून ठेवेल. म्हणजे धरेल पुढचीच, मला उभी करेल मागे, मेणबत्ती देऊन. चला, आता तिच्यासाठी म्हणा."

आधी पत्त्यांच्या टेबलावर हसू फुटलं, मग बायकांत, मग तेक्लाची मुलगी रडता रडता हसली. भिंतीशी उभी असलेली एवेलिनही हसली. मर्लिंदाने पिशवीची चेन ओढून घेतली. प्रार्थना तेक्लाच्या नावाने पुन्हा सुरू झाली आणि दणक्यात पार पडली. बाहेर पडताना लोक म्हणत होते, म्हातारी अजून वस्ताद आहे. हसली नाही ती फक्त लिनलिन, कारण लोलाने तिचा हात धरला होता आणि दाराबाहेर आल्यावरही सोडला नव्हता.

एवेलिन शिवण पुरं करायचं म्हणून वाटेतल्या चर्चमध्ये घडीभर टेकून पुढे गेली. बेर्तोच्या दुकानात दोघीच बसल्या. लोमी आली. लोलाने चमचा उचलला आणि परत ठेवला.

"मी थाप मारली," ती म्हणाली. "मला काही कळलं नव्हतं, लिनलिन. तू सांगेपर्यंत."

"माहीत आहे मला."

"मला भीती वाटते." लोलाने हे अगदी सरळ सांगितलं. "मरायची नाही. तो रस्ता मला पाठ आहे, इतक्यांना सोडून आले. पण हे सगळं माझ्या डोक्यातून पुसत चाललंय. सगळं पुसलं की मग मला पोचवायला वस्तीत एक माणूस नसेल. खोकं वाजेल फक्त."

"मी म्हणेन."

"तुला कुठे येतं? साथ देता येते नुसती."

"मग शिकव ना," लिनलिन म्हणाली आणि लोलाचं वाडगं तिच्यापुढे सरकवलं. "आधी खा. गार होतंय."

घरी गेल्यावर लोलाने स्वतःच जाहीर केलं, की आता मयताघरी जाणं बंद. एवेलिनने या भांडणाची तयारी करून ठेवली होती, ती सगळी तिला गिळावी लागली. ती उठली आणि सासूसाठी कॉफी करून आणली, साखर स्वतः घालून.

शिकवणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. शाळा सुटली की सांतोलच्या झाडाखाली बांबूच्या बाकावर. लोला शिक्षिका म्हणून अगदी खाष्ट निघाली. उच्चार गिळला की मांडीवर पंख्याचा फटका, घाई केली की फटका, रेंगाळली तरी फटका. लिनलिन मात्र हुशार होती आणि इतकी वर्षं कानांवर पडलेलं होतं, त्यामुळे माळ झटकन आली, तारा आणि राण्याही रांगेने आल्या. गंमत म्हणजे लोलाला सकाळी काय खाल्लं ते आठवेना, नातीची इयत्ता आठवेना, पण प्रार्थनेतला शब्द इकडचा तिकडे झाला की ती झोपेतून उठल्यासारखी पकडायची.

घोडं अडलं ते मोठ्या प्रार्थनेवर. रोज एकाच जागी. नाव घेऊन झालं की पुढच्या ओळीवर लिनलिन अडखळायची, भलतंच काहीतरी म्हणायची.

"भोपळा आहे डोक्यात भोपळा," लोला वैतागायची. "सगळं येतं आणि हेच कसं येत नाही? उद्या पुन्हा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडे गेले. सांतोलची फळं पिकून पडायला लागली, तरी लिनलिनचं गाडं त्या ओळीच्या पुढे सरकेना. जोमेल म्हणाला, की पोरगी आपल्यावर गेली, पाठांतरात आपणही असेच होतो.

एका सकाळी लिनलिन मागच्या पंपावर भांडी घासत होती आणि घासता घासता म्हणत होती. मोठी प्रार्थना, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नाकातल्या आवाजासकट, कुठेही न अडखळता. मागे खडा वाजला. एवेलिन धुण्याची बादली घेऊन उभी होती.

"कधीपासून येतं हे तुला?"

लिनलिन हातातली ताटली घासत राहिली.

"मग रोज चुकतेस कशाला? ती किती चिडते."

"सगळं आलं की शिकवणी संपेल ना," लिनलिन ताटलीकडे बघत म्हणाली. "मग लोला म्हणेल, झालं, आता म्हणणारं आहे कुणीतरी. आणि जाईल." एवढं बोलून तिला रडू फुटलं आणि साबणाच्या हातांनी डोळे पुसल्यामुळे आणखीच फुटलं.

एवेलिनने बादली खाली ठेवली. ओंजळीत पाणी घेऊन पोरीचे डोळे धुतले, तिच्या हातातली ताटली घेतली आणि उरलेली सगळी भांडी स्वतः घासली.

त्या दुपारी वारा चांगला सुटला होता आणि लोला मजेत होती. लिनलिनला तिने नावाने हाक मारली, बरोबर नावाने. बाकावर तिला जवळ ओढून घेतलं आणि मोठी प्रार्थना म्हणायला सांगितलं. लिनलिन म्हणू लागली. लोला डोळे मिटून पंख्याने ताल देत होती, तिच्या अंगाला कॉफीचा आणि खोबरेल तेलाचा वास होता, आणि लिनलिनला इतकं बरं वाटत होतं, की ती चुकायचंच विसरली. नाव झालं, ती ओळ आली आणि गेली, पुढची गेली, त्यापुढचीही गेली. प्रार्थना संपली तेव्हा तिला कळलं की आपण काय केलं. लोलाने डोळे उघडले. पंखा थांबला होता आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता.

आतल्या खोलीत मशीन थांबलं.

"चुकली!" एवेलिन ओरडली. तोंडात टाचण्या नव्हत्या, शब्द अगदी स्वच्छ आला. "मधला एक शब्द खाल्ला तिने, मी इथून ऐकला. कच्चं आहे अजून, नानाय. उद्या परत घ्या तिची."

लोलाने लिनलिनकडे संशयाने पाहिलं, मग खिडकीकडे, आणि पंखा मांडीवर आपटला.

"तरी म्हटलं," ती म्हणाली. "उद्या. अगदी पहिल्यापासून."